आत राहिलेल्या व्यक्ती

हुंबरखोलच्या डोंगराला कान बसवले त्या वर्षी गावात एकसष्ट घरं होती, आणि त्यातल्या एका घरात बोलता न येणारा माणूस होता.

कान म्हणजे खरेखुरे कान नव्हेत. काचेची तार. इंटरनेटसाठी जमिनीखालून जाते तीच, केसाएवढी बारीक. काच कितीही शुद्ध करा, तिच्यात बारीक खोट राहतेच. तारेच्या टोकातून उजेडाचा एक ठिपका आत सोडला की वाटेतली प्रत्येक खोट त्यातला कणभर उजेड मागे फेकते. वरची जमीन हलली, अगदी कोंबडी चालली तेवढी जरी हलली, तरी तार किंचित ताणली जाते आणि मागे येणारा उजेड बदलतो. तो किती वेळाने परत आला यावरून कळतं, कुठे हललं. थोडक्यात, तारेचा मीटर न मीटर कान होतो. हुंबरखोलला अशी साडेसहा किलोमीटर तार पुरली. डोंगराच्या उतारावर नागमोडी, आणि खाली एकेका घराच्या जोत्याला एकेक वेढा.

मशीनची कामं दोन. दरड सुटायच्या आधी डोंगर आतून कुरकुरतो, ते ऐकून भोंगा द्यायचा. आणि घराघरात कोण आहे ते दाखवायचं. घरात माणूस असेल तर पडद्यावर पिवळा ठिपका, नसेल तर काळा. दरड आलीच, तर मातीखाली कोण जिवंत आहे तेही हीच तार ऐकणार.

पण नुसत्या मशीनने माणसं बाहेर येत नाहीत. म्हणून जिल्ह्याहून पालव मॅडम आल्या. मृणाल पालव, चाळिशीच्या, आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गुरं वळावीत. त्यांनी गावातले बारा स्वयंसेवक निवडले आणि आठ महिने पिळून काढले. दोन बांबू आणि चार गोणपाटं घेऊन स्ट्रेचर कसं करायचं, म्हातारं माणूस पाठीवर कसं बांधायचं, वॉकीटॉकीवर कमीत कमी शब्दांत कसं बोलायचं. संदेश परब त्यांची नक्कल करायचा. स्ट्रेचरवर कायम त्यालाच झोपवायचे, कारण वजन नव्वद. "मॅडम, माका खरंच दरडीत मरूंदे," तो म्हणायचा, "ह्या प्रॅक्टिसपेक्षा बरा." त्याला एकदा खरंच पाडलं, तेव्हा त्याने नावच काढून घेतलं. राहिले अकरा, मग घाड्यांची रिद्धी आली. बावीस वर्षांची, नर्सिंग अर्धवट सोडलेली, सगळ्यांत हुशार.

या बारा जणांचा म्होरक्या सर्वेश मेस्त्री. छत्तिशीचा, मोटर वायंडिंगचं दुकान, तारेशी हाताची ओळख. मशीनचा डबा शाळेत बसवला होता, त्याची किल्ली त्याच्याकडे.

पालव मॅडमचा एक नियम कोणालाच आवडला नाही. स्वतःचं घर स्वतःच्या यादीत नाही. संकटात माणूस आपल्या घराकडे धावतो आणि बाकीची पाच घरं तशीच राहतात, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. कुठे, ते त्या सांगायच्या नाहीत. सर्वेशचं घर रिद्धीच्या यादीत गेलं. सर्वेशकडे खालची वाडी.

मधल्या वाडीतल्या सर्वेशच्या घरात तो, बायको प्रणाली, आणि बाबा. अनंत मेस्त्री. एके काळी देवळाचे खांब कोरलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात ते जुन्या पटाशीची लाकडी मूठ धरून असायचे आणि चिऱ्याच्या भिंतीवर ठोकायचे. एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे ये. दिवसभर ठक ठक ठक. प्रणालीला काजूच्या कारखान्यात बसूनही ते ऐकू येतं असं ती म्हणायची.

आता अडचण काय होती, तर डोंगर स्वतःही बोलत असतो. खडकातून पाणी झिरपतं, मुळं पसरतात, थंडीत दगड आकसतो, उन्हात फुगतो. मशीनला आधी डोंगराचा स्वतःचा आवाज शिकवायला लागतो, मग ते तो आवाज वजा करतं आणि उरतो तो माणसांचा. शिकवायला काय हवं? गाव पूर्ण रिकामा. तीन दिवस तरी. असा रिकामा गाव जगात कुठे मिळतो?

हुंबरखोलमध्ये मिळतो. कोकणात अजून दोन-चार गावांत आहे ती चाल. दर पाच वर्षांनी, मार्गशीर्षात, गुरव देवाला कौल लावतो, आणि देवाने उजवा कौल, म्हणजे होकार, दिला की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. माळावर झावळ्यांची खोपटी बांधून तीन दिवस, तीन रात्री राहायचं. मागे घरात चूल नाही, दिवा नाही, जीव नाही. गावपळण. पुन्हा कौल मिळाला की परत. पालव मॅडमना हे कळलं तेव्हा त्या शाळेच्या ओट्यावर मटकन बसल्या. शास्त्रज्ञांनी कोटी खर्चले तरी मिळणार नाही ते तुमचा देव फुकट देतोय, म्हणाल्या.

सर्वेशची मात्र अडचण झाली. बाबांच्या पाठीला जखमा होत्या, लघवीची नळी होती. थंडी मरणाची, माळावर वारा. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलं होतं. त्याने गावाचे मानकरी वसंतआबा गावकर यांच्याकडे आडून आडून विषय काढला. म्हाताऱ्याने पान जुळवत ऐकून घेतलं.

"देव रिकामो गाव मागता रे," आबा म्हणाले. "अर्धो नाय."

मग सर्वेशने केलं ते असं. सकाळी लोकांच्या देखत टेम्पोत गोधड्यांचं गाठोडं ठेवलं, बाबांना कणकवलीला ताईकडे पोचवतो म्हणून सांगितलं, आणि टेम्पो रिकामाच फिरवून आणला. बाबा घरातच राहिले. दार बाहेरून बंद. विचारलं होतं त्यांना, न्यायचं का माळावर. त्यांनी दोन ठोके दिले. प्रणाली रडली, पण कोणाला सांगितलं नाही. मशीनचा डबा बघायला जातो म्हणून सर्वेश दिवसातून दोनदा वेशीआत जायचा, पेज भरवायचा, कपडे बदलायचा, यायचा. त्याच्या कमरेला ऑपरेटरचा बिल्ला होता. बिल्ल्याची पावलं मशीन आपोआप गाळतं. बाबांच्या हातात बिल्ला नव्हता.

तिसऱ्या दिवशी माळावर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून, पालव मॅडमनी फॉर्म पुढे केला. त्यावर छापलं होतं: गाव निर्मनुष्य असल्याची खात्री केली. खाली एक रकाना होता: आत राहिलेल्या व्यक्ती. सर्वेशने तिथे शून्य काढलं. सुबक, गोल. आणि सही केली.

परत आल्यावर पाचव्या दिवशी त्याला कळलं.

तो शाळेत पडद्यासमोर बसला होता. प्रणाली कामावर. बाबा घरी, म्हणजे ठिपका पिवळा हवा. ठिपका काळा. त्याने शेजारच्या पोराला घरात पाठवलं, पोरगं आत गेलं तसा ठिपका पिवळा झाला, बाहेर आलं तसा काळा. त्याने तार तपासली, वेढा तपासला, सगळं ठीक. मग तो घरी गेला, बाबांच्या उशाशी बसला, आणि बाबांनी भिंतीवर तीन ठोके दिले. हातातल्या मोबाइलवर सर्वेश बघत होता. काहीच हललं नाही.

तेव्हा त्याला हिशेब लागला. तीन दिवस, तीन रात्री रिकाम्या गावात एकच आवाज सारखा येत होता. मशीन शहाणं. त्याला सांगितलं होतं की आत कोणी नाही. म्हणजे हा आवाज डोंगराचा. ठक ठक ठक, नळीतल्या पाण्यासारखं, मुळासारखं. बाबांचे ठोके, बाबांचा खोकला, बाबांचं कुशीवर वळणं, सगळं डोंगराच्या खात्यात गेलं होतं. आणि डोंगराचं ते वजा करतं.

सांगायला हवं होतं. सरळ आहे. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की पळण मोडली. की देवाला फसवलं. होळीचा मांड, म्हणजे पूजेची जागा, मेस्त्र्यांनी घालायचा हा चार पिढ्यांचा मान, तो गेला असता. गावात कोणाची म्हैस मेली तरी बोट त्याच्याकडे आलं असतं. आणि मशीनला पुन्हा शिकवायला रिकामा गाव लागणार, तो पाच वर्षांनी. सर्वेशने स्वतःला समजावलं, की मशीनला ऐकू येत नाही तर नाही, मला तर ठाऊक आहे. मी आहे ना. आणि जोडीला शेजारच्या संदेशला सांगून ठेवलं, की भोंगा झाला तर बाबांना तू उचल, तू दांडगा आहेस. संदेश म्हणाला, न सांगता उचलीन. का, ते त्याने विचारलं नाही, सर्वेशने सांगितलं नाही. प्रणालीलाही नाही.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी भोंगा झाला.

चार दिवस धो धो चाललं होतं. मशीनने बेचाळीस मिनिटं दिली. आणि खरं सांगायचं तर त्या बेचाळीस मिनिटांत बारा माणसांनी जे केलं ते बघून कोणाच्याही अंगावर काटा आला असता. आरडाओरडा नाही, ढकलाढकल नाही. घर, हाक, उचल, चल. प्रत्येकाच्या मनगटावर यादी, घर रिकामं झालं की खूण. खालच्या वाडीत सर्वेशने परबांच्या म्हातारीला पाठीवर बांधली, तिच्या हातातली तांब्याची कळशी काही सुटेना, तशीच घेतली. चिखलातून उतरताना त्याने मनगटाकडे बघितलं. त्याच्या घरावर रिद्धीने खूण केली होती: रिकामं.

बावीस मिनिटं उरली होती. त्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. त्या वाहिनीवर बाराही जण होते, आणि जिल्ह्यात बसलेल्या पालव मॅडम.

"रिद्धी. माझ्या घराकडे बघितलंस मां?"

"बघितलंय, काका. भायरसून हाक मारलंय, कोण नाय. ठिपको पण काळो."

बोटाखाली बटण होतं. एक वाक्य, बस. पण संदेशने बाबांना नेलं असेल, तर घर रिकामंच असणार. नेलंच असेल. दाराशी दार आहे त्याचं. पाठीवर म्हातारी, मागे दोन घरं आणि त्यांतली सात माणसं. सर्वेशने बटण सोडलं.

तीन पन्नासला डोंगराची कूस सुटली. आवाज ढगासारखा नव्हता, खडीचा ट्रक ओतावा तसा होता, फक्त तो थांबेना. वरची वाडी आणि मधली वाडी मिळून चौतीस घरं गेली. गावामधल्या वहाळाला पूर, ओढ्यावरचा छोटा पूल, साकव, वाहून गेला, अर्धा गाव अलीकडे शाळेत, अर्धा पलीकडे हायस्कुलात. मोबाइलचा टॉवर आडवा.

पाच चाळीसला शाळेतल्या पडद्यावर ओळ उमटली. तारेने सगळी माती ऐकली होती, डोंगर वजा करून. मातीखाली जीव आढळला नाही.

शाळेत टाळ्या पडल्या. लोक रडत होते, हसत होते. चौतीस घरं गेली आणि माणूस एक नाही. वसंतआबांनी चिखलातच नारळ फोडला. सर्वेशच्या पाठीवर थापा पडत होत्या, आणि तोही टाळ्या वाजवत होता. अख्ख्या शाळेत त्या एकट्याला माहीत होतं की ती ओळ एका घरापुरती खोटी असू शकते.

काजूच्या कारखान्यातून प्रणाली भिजून आली. पहिला प्रश्न तोच.

"बाबा खंय?"

"पलीकडे. संदेशबरोबर."

"कोणी सांगितला?"

"यादी पुरी आहे," सर्वेश म्हणाला.

सात वाजता त्याने वॉकीटॉकीवर रिद्धीला विचारलं, तुझ्याकडची सगळी बरी? ती म्हणाली सगळी बरी, काका. बॅटरी वाचवायची होती, कामाशिवाय बोलू नका असा हुकूम होता. संदेश आहे का तिथे, एवढे चार शब्द त्याला विचारता आले असते. त्याने विचारले नाहीत. जोवर विचारलं नाही तोवर बाबा हायस्कुलात कोरड्या सतरंजीवर होते. रात्र त्याने अशीच काढली. मधूनमधून उठून पडद्याकडे जायचा, आपल्या घराचा काळा ठिपका बघायचा, परत येऊन बसायचा.

सकाळी सातला वहाळ उतरला. पलीकडची माणसं दोर धरून यायला लागली. रिद्धी आली, घाडी आले, परब आले. आणि सगळ्यांच्या मागून, खालच्या रस्त्याने, संदेश आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कुडाळच्या दुकानाची पिशवी, पायांत कोऱ्या चपला.

"काल मी कुडाळाक अडकलंय," तो म्हणाला. "रस्तो बंद. माका आत्ता कळला." मग सर्वेशच्या तोंडाकडे बघून त्याची पिशवी खाली गेली. "तुझे बाबा खंय?"

मग सगळे एकदम रिद्धीकडे वळले. तू आत गेली नव्हतीस? हाक मारून निघालीस? लकव्याचा माणूस हाकेला ओ देणार कसा? कोणीतरी तिला नर्सिंग सोडल्यावरूनही बोललं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणत राहिली, ठिपका काळा होता, ठिपका काळा होता. मग म्हणाली, माझ्यामुळे झालं.

आणखी एक मिनिट सर्वेश गप्प राहिला असता तर ते तिच्यावरच राहिलं असतं. जन्मभर. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते मिनिट त्याने जवळजवळ जाऊ दिलं.

"ठिपका काळाच असणार," तो म्हणाला. "मशीनला बाबा ऐकू येत नाहीत."

मग सगळं सांगितलं. गाठोडं, टेम्पो, शून्य. तेव्हा सात पंचवीस झाले होते.

पालव मॅडम मध्यरात्रीच निघून पहाटे पोचल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, मशीन वजा करतं, पण टाकून देत नाही, मूळचं सगळं जपलेलं असतं. तार तुटली होती, तरी घराचा वेढा एका बाजूने जोडलेला होता. त्यांनी डोंगराची वजाबाकी काढून टाकली. पडद्यावर नुसता गोंधळ उसळला. पाणी, दगड, खाली रस्ता मोकळा करणारा जेसीबी.

"कसे ठोकायचे ते?" त्यांनी विचारलं.

सर्वेशने बाकावर पेनाच्या टोकाने ठोकून दाखवलं. ठक ठक ठक. मॅडमनी ते मशीनला ऐकवलं आणि यातलं हे शोध म्हणून सांगितलं.

मशीनने अकरा सेकंदांत शोधलं. पहिले तीन ठोके चार वाजून दोन मिनिटांनी. दरड सुटल्यावर बारा मिनिटांनी. मग तीन, थोडं थांबून तीन, थोडं थांबून तीन. संध्याकाळभर. टाळ्या वाजत होत्या तेव्हाही, आणि नारळ फुटला तेव्हाही. यादी पुरी आहे असं तो प्रणालीला सांगत होता तेव्हाही. रात्री अंतर वाढत गेलेलं. शेवटचे तीन सकाळी सहा दहाला.

त्यानंतर डोंगर होता नुसता.

प्रणाली त्याच्या मागे उभी होती. तिने पडदा शेवटपर्यंत वाचला.

"तुका ठावक होता," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. "रातभर तुका ठावक होता." आणि ती रिद्धीच्या शेजारी जाऊन बसली. घरी, म्हणजे जिथे कुठे घर होईल तिथे, ती पुन्हा त्याच्याबरोबर गेली नाही. ताईकडे कणकवलीला गेली, आणि ताईनेही त्याला दार उघडलं नाही.

जेसीबी लावला. दुपारी तीनपर्यंत घराच्या पडवीची कौलं लागली. मग डोंगर पुन्हा कुरकुरायला लागला, भोंगा झाला, माणसं मागे घेतली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी वरून आणखी माती आली आणि जिल्ह्याच्या साहेबांनी काम बंदचा कागद काढला.

गावाने दोष दिला, पण मशीनला नाही. दोष द्यायला मशीन कुठल्या गावाला हवं असतं? वसंतआबा शाळेच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले की पळण मोडली म्हणून डोंगर आला, आणि ते म्हणणं एवढं सोपं होतं की सगळ्यांना पटलं. सर्वेशने वाद घातला नाही. दरड चार दिवसांच्या पावसाने आली हे त्याला आकड्यांसकट ठाऊक होतं. पण उपयोग काय.

हुंबरखोल राहायला अयोग्य ठरवला. माणसं पंधरा किलोमीटरवर पत्र्याच्या खोल्यांत गेली. परत यायचा कौल कोणी लावला नाही. देव काय सांगणार ते सरकारने आधीच सांगितलं होतं.

मार्गशीर्षात पालव मॅडमनी सर्वेशला बोलावून घेतलं. खालच्या तीन गावांसाठी डोंगर ऐकत राहणं भाग होतं, आणि आता गाव खरंच रिकामा होता. नव्याने शिकवायची संधी होती. वेशीवर जीप उभी करून दोघं शाळेपर्यंत चालत गेले. अंगणांतून गवत कमरेएवढं. विजेच्या तारेवर बसलेला एक पारवा सोडला तर हालचाल नाही. मॅडमनी डबा सुरू केला आणि फॉर्म काढला. तोच नमुना, तोच रकाना. ऑपरेटर म्हणून सही अजून त्याचीच चालत होती, नवा कोणी तयार होईना.

सर्वेशने वर बघितलं. मधल्या वाडीच्या जागी लाल मातीची रांग, तिच्यावर कुर्डू उगवलेला. आत कुठेतरी चिऱ्याची भिंत, आणि भिंतीजवळ पटाशीची मूठ.

त्याने गाव निर्मनुष्य असल्याच्या ओळीखाली सही केली नाही. खालच्या रकान्यात, आत राहिलेल्या व्यक्ती, तिथे त्याने लिहिलं: एक.

मॅडमनी कागद बघितला. शून्याशिवाय मशीन शिकायला सुरुवात करणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी दुसरा, कोरा फॉर्म पिशवीतून काढला, थोडा वेळ हातात धरला, आणि परत पिशवीत ठेवला.